ड्रायव्हर बदलण्याआधी कारण हवे, आणि परतीची वाटही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेम अडखळत असेल तर ‘ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करा’ हा सल्ला तंत्रज्ञानाच्या पानांवर वरचेवर छापून येतो. त्याच्या अगदी उलट सल्लाही तितकाच लोकप्रिय आहे: ‘चालतंय ना, मग हात लावू नका’. दोन्ही अर्धे आहेत. अशा अर्ध्या सल्ल्यांपायी लोक विनाकारण विंडोज पुन्हा टाकतात, चांगली कार्डे सदोष समजून विकून टाकतात आणि खरे कारण तसेच राहते. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांची ओळख करून देणारी एखादी छोटी फाइल, असा समज आहे. प्रत्यक्षात तो अर्ध्या जीबीहून मोठा सॉफ्टवेअरचा संच असतो आणि त्यात एक पूर्ण कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा भाग, असतो. गेममध्ये पाण्यावरची चमक, त्वचेवरचा प्रकाश, धुराचे लोट यांचा हिशेब करणारे जे छोटे प्रोग्राम असतात, त्यांना शेडर म्हणतात. गेम लिहिणाऱ्याला तुमच्याकडे कोणते कार्ड आहे हे माहीत नसते, म्हणून पीसीच्या गेमबरोबर शेडर मधल्या, अर्धकच्च्या रूपात येतात. तुमच्या कार्डाला कळतील अशा अंतिम आज्ञा ड्रायव्हर तुमच्याच संगणकावर तयार करतो. ड्रायव्हर बदलला की हा कंपायलर बदलतो. त्याच गेमसाठी, त्याच कार्डावर, वेगळ्या आज्ञा तयार होतात. त्या जास्त वेगवान असू शकतात, थोड्या संथ असू शकतात, आणि क्वचित चुकीच्याही, मग सावल्या लुकलुकतात किंवा गेम बंद पडतो. शिवाय मेमरीचे वाटप, कामांचा क्रम आणि ठरावीक गेमसाठी केलेल्या खास तरतुदी हेही त्याच संचात असते.

यातूनच सगळ्यात जास्त गैरसमज करून देणारी गोष्ट घडते. एकदा तयार केलेले शेडर ड्रायव्हर डिस्कवर साठवून ठेवतो. हा शेडर कॅशे. नवा ड्रायव्हर आला की जुन्या कंपायलरने केलेला हा साठा सहसा निकामी होतो आणि सगळे पुन्हा तयार करावे लागते. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रे, हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ फ्रेमना जेमतेम ६.९. खेळता खेळता एखादा शेडर तयार व्हायला १०० मिलिसेकंद लागले, तर ६० च्या हिशेबाने सहा फ्रेमचा वेळ तिथेच गेला. डोळ्यांना तो स्पष्ट झटका दिसतो. नव्या भागात पाऊल टाकले, पहिला स्फोट झाला, पहिल्यांदा पाऊस आला की झटका, आणि तीच जागा दुसऱ्यांदा आली की काही नाही, असा प्रकार असेल तर तो कॅशे पुन्हा भरण्याचा परिणाम आहे. ‘नवा ड्रायव्हर खराब आहे’ असे पहिल्याच संध्याकाळी जाहीर करणाऱ्यांतले बरेच जण हेच पाहत असतात.

म्हणून अपडेटनंतर गेम सुरू होताना ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी आली तर ती शंभर टक्के होऊ द्यावी. पाच-दहा मिनिटे लागली तरी चालतील, मध्येच टाळू नये. कार्डे बनवणाऱ्या एनव्हीडिया कंपनीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये थ्रीडी सेटिंगखाली शेडर कॅशेचा आकार ठरवता येतो. एसएसडीवर जागा असेल तर तो १० जीबी किंवा त्याहून जास्त ठेवावा, कारण आजचे मोठे गेम हा साठा लवकर भरतात आणि जागा संपली की जुने शेडर काढले जातात. ‘दर आठवड्याला शेडर कॅशे साफ करा, गेम हलका होईल’ हा सल्ला तर सरळ नुकसानीचा आहे. कॅशे पुसायचा तो चित्र विस्कटलेले दिसत असेल किंवा गेम शेडर लोड करताना दर वेळी एकाच जागी बंद पडत असेल तेव्हाच. त्यासाठी विंडोजच्या डिस्क क्लीनअपमध्ये डायरेक्टएक्स शेडर कॅशेचा वेगळा पर्याय आहे.

आता फायद्याची बाजू, कारण ती खरी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हीडियाचा ५२२.२५ हा ड्रायव्हर आला. त्यात डायरेक्टएक्स १२ वर (गेमने कार्डाकडून काम करून घेण्याच्या विंडोजमधल्या आज्ञासंचावर) चालणाऱ्या गेमसाठी सुधारणा होत्या आणि कंपनीच्या आकड्यांनुसार ‘असॅसिन्स क्रीड वल्हाला’मध्ये २४ टक्क्यांपर्यंत, ‘सायबरपंक २०७७’मध्ये २० टक्क्यांपर्यंत वाढ मिळाली. एएमडी या दुसऱ्या कार्ड-कंपनीने त्याच वर्षी जुलैमध्ये २२.७.१ या आवृत्तीत ओपनजीएल या तशाच दुसऱ्या आज्ञासंचाचा भाग सुधारला. ‘माइनक्राफ्ट’साठी त्यांनी ९२ टक्क्यांपर्यंतचा आकडा दिला. सगळ्यात बोलके उदाहरण इंटेलच्या आर्क कार्डांचे. त्यांतली मोठी कार्डे ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आली तेव्हा डायरेक्टएक्स ९ चे जुने गेम त्यांच्यावर मधल्या भाषांतराच्या थरातून चालत आणि फार रखडत. फेब्रुवारी २०२३ च्या ड्रायव्हरनंतर इंटेलने निवडक जुन्या गेममध्ये सरासरी ४३ टक्के वाढ जाहीर केली. कार्डातले एक स्क्रूही बदलले नव्हते.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ‘पर्यंत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो ठरावीक कार्ड, ठरावीक रिझोल्यूशन आणि ठरावीक सेटिंगवरचा सर्वोच्च आकडा असतो. दुसरे, अशी झेप बहुधा नव्या कार्डावर, नव्या गेमवर किंवा ज्या भागाकडे आधी दुर्लक्ष झाले होते तिथे मिळते. ओपनजीएल किंवा डायरेक्टएक्स ११ मध्ये बरेचसे काम ड्रायव्हर स्वतः करतो, म्हणून तिथे त्याचा हातही जास्त चालतो. डायरेक्टएक्स १२ आणि वल्कन या नव्या आज्ञासंचांत मेमरी आणि कामाचा क्रम यांची बरीच जबाबदारी गेमकडे जाते; तिथे चूक गेमची असेल तर ड्रायव्हर बदलून ती सुटत नाही, गेमच्या पॅचची (कंपनीने दिलेल्या दुरुस्तीची) वाट पाहावी लागते. दोन वर्षे जुने कार्ड आणि वर्षभर जुना गेम असेल, तर लागोपाठच्या दोन ड्रायव्हरमधला फरक पुष्कळदा मोजणीतल्या चुकीएवढाच निघतो.

बिघाडाची उदाहरणेही नोंदलेली आहेत. मार्च २०१० मध्ये एनव्हीडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण काही कार्डांवर पंख्याचे नियंत्रणच बिघडत होते आणि कार्ड तापत होते. मार्च २०२३ मध्ये ५३१.१८ या आवृत्तीनंतर गेम बंद केला तरी एक पार्श्वप्रक्रिया प्रोसेसर खात राही, त्यासाठी ५३१.२६ ही तातडीची दुरुस्ती काढावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडीच्या २३.१०.१ मधली अँटी-लॅग प्लस ही सोय गेमच्या कोडमध्ये हस्तक्षेप करत असल्यामुळे ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणेने प्रामाणिक खेळाडूंवर बंदी घातली. तो गेम बनवणाऱ्या वॉल्व्हने इशारा दिला, एएमडीने ती सोय काढून घेतली आणि बंदी उठवण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये एनव्हीडियाच्या ५७६.०२ ने आधीच्या आवृत्त्यांतल्या काळ्या पडद्याच्या अनेक तक्रारी मिटवल्या, पण संगणक झोपेतून उठल्यावर कार्डाचे तापमान दाखवणारी साधने जुनाच आकडा धरून बसू लागली. ज्यांनी पंख्याचा वेग त्या आकड्यावर बांधला होता त्यांच्यासाठी ही किरकोळ बाब नव्हती. ५७६.१५ मध्ये ती दुरुस्त झाली.

यावरून निघणारा व्यवहार साधा आहे. नवा गेम घेतला आणि त्याचे नाव ड्रायव्हरच्या नोंदीत आहे, तुम्हाला छळणारी अडचण ‘सुटलेल्या अडचणीं’च्या यादीत आहे, कार्ड नुकतेच बाजारात आलेले आहे, किंवा सुरक्षेची त्रुटी बुजवली आहे, तर अपडेट करावे. यातले काही नसेल तर आठवडाभर थांबून पाहण्यात तोटा नाही. प्रत्येक ड्रायव्हरबरोबर कंपनी नोंदी देते. त्यातली ‘माहीत असलेल्या, अजून न सुटलेल्या अडचणी’ ही यादी वाचायला दोन मिनिटे लागतात आणि नेमकी तीच कोणी वाचत नाही. एएमडीचे ‘रेकमेंडेड’ आणि ‘ऑप्शनल’ असे दोन प्रकार असतात. खास कारण नसेल तर पहिला घ्यावा. एनव्हीडियाचे हॉटफिक्स ड्रायव्हर कमी चाचण्या करून घाईने दिलेले असतात. ती विशिष्ट अडचण तुम्हाला असेल तरच ते टाकावेत, नाहीतर तीच दुरुस्ती पुढच्या नियमित आवृत्तीत येते.

अपडेटआधी सध्याची आवृत्ती लिहून ठेवा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती वेगळ्या रूपात दिसते म्हणून गोंधळ होतो. एनव्हीडियाच्या बाबतीत तिथे ३२.०.१५.७६०२ असे दिसले, तर बिंदू वगळून शेवटचे पाच अंक घ्या, ५७६०२, आणि शेवटच्या दोन अंकांआधी बिंदू द्या: ५७६.०२. या आवृत्तीची इन्स्टॉलर फाइल डिस्कवर जपून ठेवा. गरज पडेल तेव्हा पडदा धड दिसत नसतो, आणि अशा वेळी जुनी फाइल शोधत बसणे फार त्रासाचे होते.

टाकताना गेम आणि त्यांचे लाँचर बंद करावेत. एनव्हीडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम’ निवडले की क्लीन इन्स्टॉलचा चौकोन मिळतो. तो जुन्या सेटिंग पुसतो, म्हणजे गेमनिहाय प्रोफाइल, रंगांची जुळणी, स्वतः बनवलेले रिझोल्यूशन सगळे जाते. ते आधी टिपून ठेवा. दर अपडेटला याची गरज नसते. मध्ये पडदा काही सेकंद काळा होणे, लुकलुकणे हे अपेक्षितच आहे; घाबरून पॉवरचे बटण दाबू नये. काम झाल्यावर ‘रीस्टार्ट’च करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू केल्यावर प्रणालीचा गाभा साठवलेल्या जुन्या स्थितीतून उठतो, खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होत नाही.

डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, हे साधन उपयोगी आहे, पण ते रोजचे झाडू-पोतेरे नव्हे. एका कंपनीचे कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे बसवले, इन्स्टॉलर अर्ध्यात अडकतो आहे, किंवा साध्या क्लीन इन्स्टॉलनंतरही क्रॅश थांबत नाहीत, अशा वेळी ते वापरावे. क्रम चुकला की फजिती होते. आधी हवा असलेला ड्रायव्हर उतरवून घ्या. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. खात्याचा पासवर्डही आठवणीत असू द्या, कारण सेफ मोडमध्ये पिन दर वेळी चालतोच असे नाही. मग नेटची केबल काढा, वायफाय बंद करा. हे विसरले तर विंडोज अपडेट रिकामी जागा पाहून स्वतःकडचा जुना ड्रायव्हर लगेच भरून टाकते. शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि यादीतला ४ क्रमांक. सेफ मोडमध्ये डीडीयू चालवून ‘क्लीन अँड रीस्टार्ट’ करा, संगणक उठल्यावर नवा ड्रायव्हर टाका, पुन्हा रीस्टार्ट करा आणि शेवटी नेट जोडा.

डिव्हाइस मॅनेजरमधले ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण परतीचा सोपा मार्ग आहे, मात्र आधीचा ड्रायव्हर साठवलेला असेल तरच ते दाबता येते. डीडीयू वापरल्यावर ते फिकट झालेले दिसेल; तिथे जपलेली इन्स्टॉलर फाइल कामाला येते.

लॅपटॉपवाल्यांनी थोडी जास्त काळजी घ्यावी. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात आणि मोठ्या कार्डाने काढलेले चित्र पुष्कळदा प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समार्गेच पडद्यावर येते. म्हणजे मोठ्या कार्डाचा ड्रायव्हर ताजा आणि छोट्याचा तीन वर्षे जुना असेल तर झटके, काळा पडदा, झोपेतून न उठणे हे प्रकार होऊ शकतात. दोन्ही पाहावेत, आणि लॅपटॉप बनवणाऱ्याच्या पानावर त्या मॉडेलसाठी काय दिले आहे तेही पाहावे.

आता स्थिरतेकडे वळतो, कारण इथेच ड्रायव्हरला सर्वाधिक दोष दिला जातो. कार्डाने दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ते अडकले असे समजते, ड्रायव्हर नव्याने सुरू करते, आणि गेम बंद पडतो. याला टीडीआर म्हणतात. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम, असे गेलात तर ‘डिस्प्ले’ या स्रोताखाली ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते: ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले आणि तो सावरला. लोक ही ओळ वाचून ड्रायव्हर बदलत सुटतात. पण ती ओळ फक्त कार्ड अडकले एवढेच सांगते. का अडकले ते सांगत नाही. कमी व्होल्टेजवर किंवा जास्त वेगावर बसवलेले कार्ड हे अगदी नेहमीचे कारण आहे. जुन्या ड्रायव्हरवर महिनोन्महिने टिकलेली अंडरव्होल्टची (कमी व्होल्टेजची) जुळणी नव्या ड्रायव्हरवर कोसळू शकते, कारण कार्डाकडून काम करून घेण्याची रीत बदललेली असते. म्हणून पहिली पायरी एकच: कार्ड, रॅम आणि प्रोसेसर मूळ सेटिंगवर आणा आणि तोच गेम पुन्हा चालवा. रजिस्ट्रीत टीडीआरची मुदत २ वरून १० सेकंद करण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. त्याने अडकलेले कार्ड सुटत नाही, पडदा तेवढा जास्त वेळ गोठून राहतो.

संगणक निळा पडदाही न दाखवता एकदम बंद होऊन सुरू होत असेल आणि मागे कर्नल-पॉवर ४१ एवढीच नोंद राहत असेल, तर आधी पॉवर सप्लाय, कार्डाची वीजजोडणी आणि तापमान पाहा. व्हिया-लॉगरच्या (विंडोजने टिपलेल्या हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी दिसत असतील तर संशय हार्डवेअरवर घ्या. अनरिअल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरच्या गेममध्ये ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येऊन गेम बंद पडण्याच्या तक्रारींचा २०२४ मध्ये पूर आला होता. कार्डात मेमरी भरपूर शिल्लक असायची. अनेकांच्या बाबतीत मूळ दोष इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या प्रोसेसरांत होता. शेडर उलगडण्याच्या आणि तयार करण्याच्या जड कामात ते चुकत आणि संदेश मात्र कार्डाचे नाव घेई. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून बायोसमार्फत, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमार्फत, दुरुस्ती दिली, पण आधीच झिजलेले प्रोसेसर तिने बरे होत नाहीत, ते बदलावेच लागतात. यात किती लोकांनी ड्रायव्हर पुसून पुसून टाकले असतील याचा विचार केला की वाईट वाटते.

ड्रायव्हरबरोबर येणाऱ्या अ‍ॅपलाही ड्रायव्हरच समजले जाते. डिसेंबर २०२४ मध्ये एनव्हीडिया अ‍ॅपमधल्या गेम फिल्टर आणि फोटो मोडमुळे काही गेममध्ये १५ टक्क्यांपर्यंत घट दिसत होती. ती सोय बंद केली की फ्रेम परत येत. तेव्हा घट दिसली की ओव्हरले (गेमवर उमटणारी अ‍ॅपची खिडकी), फिल्टर, रेकॉर्डिंग आधी बंद करून पाहा.

आणि हे सगळे मोजून ठरवा. कॅपफ्रेमएक्स किंवा प्रेझेंटमॉन ही फ्रेम मोजणारी साधने मोफत आहेत. आधी गेम दहा-पंधरा मिनिटे चालवून कार्ड तापू द्या. मग व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी बांधणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा बंद करून एकच ६० सेकंदांचा प्रसंग जुन्या ड्रायव्हरवर तीनदा आणि नव्यावर चारदा चालवा. नव्यावरची पहिली फेरी सोडून द्या, कारण तीत शेडर तयार होत असतात. सरासरीबरोबर ‘एक टक्का लो’ नक्की पाहा. सर्वांत संथ एक टक्का फ्रेम कशा होत्या ते त्यातून कळते. सरासरी ९० वरून ९३ झाली पण एक टक्का लो ६५ वरून ४८ वर आला, तर तो गेम खेळायला आधीपेक्षा वाईट झाला. दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर मत बनवू नये. मधल्या काळात विंडोज अपडेट किंवा गेमचा पॅच आला असेल तर ती तुलना बाद धरा.

जुनी कार्डे वापरणाऱ्यांना एक माहिती द्यायला हवी. एनव्हीडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांसाठी, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांसाठी, नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होते. पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. त्या वेग वाढवणार नाहीत, तरीही टाकाव्यात, कारण ड्रायव्हरचा एक भाग प्रणालीच्या गाभ्यात चालतो आणि तिथली त्रुटी गेमपुरती राहत नाही.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. गेमची किंवा कार्डाची परीक्षणे छापताना फ्रेमच्या आकड्यांशेजारी ड्रायव्हरची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, गेमचा पॅच क्रमांक आणि एक टक्का लो, एवढ्या चार गोष्टी द्याव्यात. एका ओळीत बसतील. सहा महिन्यांनी कुणी तेच कार्ड घेऊन वेगळे आकडे पाहिले, तर काय बदलले हे त्याला त्या ओळीवरून शोधता येईल.

आपला विश्वासू,
एक वाचक